तटाआडची दिल्ली

गावाला वेस असते. वेशीच्या आत घरे, देऊळ, चावडी. वेशीच्या बाहेर शेत आणि रान. पूर्वी दिवस मावळला की वेशीचे दार लागे. आत राहिला तो निर्धास्त झोपे. बाहेर राहिला त्याचे नशीब त्याच्यापाशी.

मोठ्या शहरांनाही अशीच वेस असे. फक्त ती लांबच लांब आणि उंच. तिला तट म्हणत. आज आपण अशाच एका तटाच्या शहराची हकिगत वाचू. हे शहर म्हणजे जुनी दिल्ली. तिचे मूळचे नाव शाहजहानाबाद.

दिल्लीच्या तटाचे चित्र दाखवले की शिकणारी मंडळी आम्हांला हटकून एक प्रश्न विचारतात. एवढा मोठा तट होता, तर मग दिल्ली इतक्या वेळा लुटली कशी गेली? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधत शोधतच आपण पुढे जाऊ.

नवे शहर वसले

शाहजहान हा मोगल बादशहा. त्याने १६२८ ते १६५८ अशी तीस वर्षे राज्य केले. आग्र्याचा ताजमहाल त्यानेच बांधवला. त्याची राजधानी आधी आग्र्याला होती. पण आग्र्याचे रस्ते अरुंद, वस्ती दाट. दरबारच्या मोठाल्या मिरवणुकांना जागा पुरेना. तेव्हा यमुनेच्या काठी, दिल्लीला, नवे शहर वसवायचे त्याने ठरवले.

दिल्ली तशी नवी नव्हती, बरं का. तिथे त्याआधी किती तरी राजांनी आपापली शहरे वसवली होती. त्यांचे पडके वाडे आणि कोट आजूबाजूला उभेच होते. त्यांच्या शेजारी शाहजहानाने आपले शहर मांडले.

१६३९ मध्ये किल्ल्याचे काम सुरू झाले. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे दोघे मुख्य कारागीर. नऊ वर्षे काम चालले. १६४८ मध्ये बादशहा किल्ल्यात राहायला आला. तांबड्या दगडाच्या भिंतींमुळे आपण या किल्ल्याला लाल किल्ला म्हणतो. १६५० मध्ये जामा मशिदीचे काम सुरू झाले. ते सहा वर्षे चालले. सुमारे पाच हजार माणसे या कामावर राबत होती, असे सांगतात. मशीद एका लहानशा टेकडीवर आहे, म्हणून ती शहरात लांबूनही दिसते.

आता तटाकडे वळू. पहिला तट घाईने उभारला होता. दगड आणि माती रचून तो उभा केला. पावसाळा आला आणि तो ठिकठिकाणी ढासळला. मग पुन्हा पक्का, दगड-चुन्याचा तट बांधला. त्याची लांबी सहा किलोमीटरच्या आसपास होती. चालायचे म्हटले तर दीड तासाची वाट. त्याला जागोजाग दरवाजे होते. ज्या गावाकडे रस्ता जाई, त्याचे नाव दरवाज्याला मिळे. काश्मीरकडे जाणारा तो काश्मिरी दरवाजा. लाहोरकडचा तो लाहोरी, अजमेरकडचा अजमेरी, काबूलकडचा काबुली. या नावांवरून तुमच्या ध्यानात येईल, की या शहराची ये-जा किती लांबवर होती.

पाणी कुठून आले?

शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. किल्ल्याच्या पायथ्याशी यमुना वाहत होती. मग पाण्याची अडचण काय?

शेतकरी माणूस याचे उत्तर लगेच देईल. नदी खाली, शहर वर. पाणी आपले आपण चढावर जात नाही. ते खालून उपसायचे म्हटले तर किती बैल लावणार आणि किती मोटा हाकणार?

म्हणून कारागिरांनी दुसरी युक्ती केली. यमुनेच्याच पाण्याचा पाट त्यांनी फार वरून, कित्येक कोसांवरून आणला. नदीच्या उगमाकडे जावे तशी जमीन उंच होत जाते. तिथून पाणी घेतले आणि पाटाला थोडा थोडा उतार देत आणले, की ते आपोआप शहराच्या उंच भागात पोचते. आपल्याकडे ओढ्याला बांध घालून वरच्या शेतात पाणी नेतात, तशातलीच ही तऱ्हा.

हा पाट सबंध नवा नव्हता. फिरोजशहा तुघलक या सुलतानाने चौदाव्या शतकात यमुनेचा एक कालवा काढला होता. तो पुढे गाळाने भरला. शाहजहानाच्या काळी तो उपसून साफ केला आणि पुढे दिल्लीपर्यंत आणला. पाणी काबुली दरवाज्याच्या बाजूने शहरात शिरे, मोठ्या रस्त्याच्या मधोमध वाहे आणि तसेच किल्ल्यात जाई.

तो मोठा रस्ता म्हणजेच चांदणी चौक. शाहजहानाची मुलगी जहाँआरा हिने तो आखून घेतला. किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून ते फतेहपुरी मशिदीपर्यंत तो सरळ जातो. मध्ये पाण्याचा पाट, दोन्ही अंगांना झाडे आणि दुकाने. वाटेत एक चौक आणि त्यात हौद. रात्री चांदणे पडले की हौदाच्या पाण्यात ते चमके. त्यावरून चांदणी चौक हे नाव पडले, असे सांगतात. चौकाच्या एका बाजूला जहाँआराने प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली होती. दूरदूरचे व्यापारी तिथे उतरत.

आत राहत होते कोण?

राजाचे शहर म्हटले की आपल्याला राजा, राणी आणि महाल आठवतात. पण शहर चालते ते राबणाऱ्यांच्या हातांवर. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांची नावे वाचा, म्हणजे हे पटेल. चुडीवालान म्हणजे बांगड्या करणाऱ्यांची वस्ती. चरखेवालान म्हणजे चरखे करणाऱ्यांची. मालीवाडा माळ्यांचा. बल्लीमारान ही नावाड्यांची जागा, असे म्हणतात. बल्ली म्हणजे लांब बांबू. तो पाण्यात मारून नाव हाकणारे ते बल्लीमार. किनारी बाजारात जरीचे काठ आणि किनारी मिळते. आपल्या पुण्यात तांबट आळी आणि कासार आळी आहे ना, तसेच हे.

चावडी बाजार नावाचा एक भाग आहे. तिथे पितळी भांड्यांचा आणि कागदाचा व्यापार चालतो. त्याच्या नावात आपला मराठी चावडी हा शब्द आहे, असे पुष्कळ जण मानतात.

या राबणाऱ्या माणसांची घरे कशी होती? फ्रान्सिस बर्निये नावाचा एक फ्रेंच वैद्य त्या काळी दिल्लीत राहिला होता. त्याने १६६३ मध्ये आपल्या देशातल्या स्नेह्याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात दरबाराचे वैभव आहे, तसे गरिबाचे झोपडेही आहे. अमीर-उमरावांच्या हवेल्यांच्या अधेमधे शिपाई, नोकरचाकर आणि बाजारकरी राहत. त्यांची घरे कुडामातीची, वर गवताचे छप्पर. एका वर्षात तीन वेळा मोठी आग लागली. वाऱ्याने ती पसरत गेली. साठ हजारांवर छपरे जळाली, असे तो लिहितो. कित्येक माणसे आणि जनावरेही त्यात गेली.

पाहा, आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा इथे मिळाला. तट बाहेरच्या शत्रूसाठी होता. आत गरिबाचे छप्पर पेटले, तर तटाचा काय उपयोग?

बर्निये आणखी एक गोष्ट सांगतो. दिल्लीत एक तर माणूस फार मोठा असायचा, नाही तर अगदी हलाखीत जगायचा. मधला असा थोडाच. सगळा व्यवहार दरबारावर चाले. बादशहा लांबच्या स्वारीवर निघाला, की त्याच्यामागे शिपाई जात, शिपायांमागे दुकानदार जात. निम्मेअधिक शहर ओस पडल्यासारखे होई.

पुढे नेमके तेच झाले. औरंगजेब १६७९ मध्ये दिल्लीहून निघाला. त्यानंतर तो दक्षिणेत उतरला आणि मराठ्यांशी लढत राहिला. १७०७ मध्ये तो अहिल्यानगरजवळ वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे राजधानीत राजाच नव्हता. खजिना दक्षिणेच्या लढाईत रिता झाला. तट होता तिथेच राहिला, पण राज्य आतून पोकळ झाले.

दार कुणी उघडले?

इथून पुढची हकिगत वाचताना जीव हळहळतो.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठ्यांची फौज घेऊन दिल्लीला गेले. ते लुटायला गेले नव्हते. बादशहाच्याच दोन वजीर-सरदारांच्या बाजूने ते गेले होते, कारण बादशहाचे आणि त्यांचे वाकडे आले होते. त्या वेळी बाळाजींनी चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या. छत्रपती शाहूंच्या मातोश्री येसूबाई कित्येक वर्षे मोगलांच्या कैदेत होत्या. त्यांचीही सुटका झाली.

१७३९ मध्ये इराणचा नादिरशहा चालून आला. बादशहा मुहम्मदशहा कर्नालच्या लढाईत हरला. मग नादिरशहा त्याला बरोबर घेऊनच दिल्लीत शिरला. तट फोडावा लागला नाही. दार उघडेच होते. शहरात अफवा उठली, की नादिरशहा मेला. लोकांनी त्याच्या काही शिपायांना मारले. दुसऱ्या दिवशी नादिरशहा चांदणी चौकातल्या सोनेरी मशिदीत येऊन बसला आणि त्याने कत्तलीचा हुकूम दिला. काही तासांत वीस ते तीस हजार माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. मयूर सिंहासन आणि कोहिनूर हिरा तो घेऊन गेला. सिंहासन राजाचे गेले. पण अफवा कुणी उठवली आणि जीव कुणाचे गेले, याचा विचार आपण केला पाहिजे. मेले ते बहुतेक बाजारातले आणि गल्लीतले लोक.

१७५७ मध्ये अफगाणिस्तानचा अब्दाली आला. त्यानेही दिल्ली लुटली. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. भाऊंच्या फौजेला खायला नव्हते, खजिना संपला होता. तेव्हा भाऊंनी किल्ल्यातल्या दिवाण-ए-खास या दालनाचे रुपेरी छत काढले आणि वितळवून त्याचे रुपये पाडले. ही आपल्या माणसांची गोष्ट आहे म्हणून ती झाकून ठेवू नये. इतिहास वाचायचा तो सगळा वाचावा. पुढच्याच वर्षी, १७६१ मध्ये, पानिपत झाले.

१७७२ मध्ये मराठ्यांच्या मदतीने शाहआलम बादशहा दिल्लीला परत आला. महादजी शिंदे त्याचे आधार होते. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिला सरदाराने किल्ला ताब्यात घेतला. खजिन्यासाठी त्याने महालाच्या जमिनी खणल्या आणि म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने त्याला हुसकून लावले आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजला इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली.

आता उत्तराचा दुसरा तुकडा पाहा. इतक्या वेळा दिल्ली गेली, पण तट तोडून क्वचितच गेली. बहुतेक वेळा आतल्यांची फाटाफूट झाली आणि दार उघडले गेले.

तट उलटा फिरला

मग तटाचा कधी उपयोग झालाच नाही की काय? झाला. १८५७ मध्ये झाला. पण कसा, ते पाहा.

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून दिल्लीत आले. त्यांनी बहादुरशहा जफर या वृद्ध बादशहाला आपला राजा म्हणून पुढे केले. इंग्रज शहराबाहेर, उत्तरेच्या टेकडीवर तळ देऊन बसले. त्या तटाची डागडुजी इंग्रजांनीच पूर्वी केली होती. तोच तट आता त्यांना तीन महिन्यांवर आडवा आला. शेवटी १४ सप्टेंबरला त्यांनी काश्मिरी दरवाज्याला सुरुंगाची दारू लावून तो उडवला. मग गल्लीगल्लीत लढाई झाली. आठवड्याभरात शहर पडले.

त्यानंतर जे झाले, ते नादिरशहाच्या कत्तलीइतकेच भयंकर. कित्येकांना गोळ्या घातल्या, कित्येकांना फाशी दिले. उरलेल्या लोकांना शहरातून हाकलून दिले. थंडीचे दिवस, लेकरेबाळे, म्हातारीकोतारी. लोक बाहेरच्या पडक्या इमारतींत आणि खेड्यांत राहिले. हिंदूंना काही महिन्यांनी परत येऊ दिले. मुसलमानांना त्याहून जास्त थांबावे लागले. आपल्याच घरी जायला परवाना लागे. ज्या तटाने लोकांना राखायचे, तोच तट आता लोकांना बाहेर ठेवू लागला.

किल्ल्याच्या आतल्या बहुतेक इमारती इंग्रजांनी पाडल्या आणि तिथे फौजेच्या बराकी बांधल्या. किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली दाट वस्ती भुईसपाट केली. जहाँआराची सराई गेली. बहादुरशहाला रंगूनला पाठवले. तिथेच तो १८६२ मध्ये वारला.

हे सगळे आपल्याला कसे कळते? एक तर सरकारी कागदांवरून. आणि दुसरे, पत्रांवरून. मिर्झा गालिब हे उर्दूतले थोर कवी बल्लीमारान भागात राहत होते. त्या दिवसांत ते शहरातच होते. त्यांनी स्नेह्यांना साध्या, बोलल्यासारख्या उर्दूत पत्रे लिहिली. कोण गेले, कोण उरले, कुठला बाजार पाडला, कुठली विहीर बुजवली, हे त्यांनी लिहून ठेवले. ते वाडे आज नाहीत. पत्रे आहेत. लिहिता येणाऱ्या माणसाने आपल्या गल्लीचे सुखदुःख लिहून ठेवले, तर त्याचे मोल केवढे होते, ते यावरून दिसते.

दोन देश झाले तेव्हा

१८६७ मध्ये रेल्वे आली. रुळांसाठी तटात वाट पाडली. पुढे रस्त्यांसाठी आणि नव्या वस्तीसाठी तटाचा बराचसा भाग पाडला. १९११ मध्ये इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचे जाहीर केले. पण त्यांनी तटाच्या बाहेर, दक्षिणेला, नवी दिल्ली बांधली. १९३१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून शाहजहानाबाद ही जुनी दिल्ली झाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. दुसऱ्या दिवशी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पण त्याच वेळी फाळणीची आग पेटली होती. पंजाबातून हिंदू आणि शीख निर्वासित दिल्लीत लोटले. जुन्या दिल्लीतले हजारो मुसलमान घरे सोडून पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर इथल्या छावण्यांत गेले. पुष्कळ जण पाकिस्तानात गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांना भिऊ लागले. या वेळी शत्रू बाहेरून आला नव्हता.

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपास सुरू केला. सगळ्या पक्षांच्या आणि धर्मांच्या पुढाऱ्यांनी शांतता राखायचे लेखी वचन दिले, तेव्हा १८ तारखेला त्यांनी तो सोडला. पुढे बाराच दिवसांनी त्यांचा खून झाला.

आजची जुनी दिल्ली

मोठ्या हवेल्या पुढे तुकड्या-तुकड्यांनी वाटल्या गेल्या. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, खाली गोदाम, वर कारखाना. १९५६ च्या झोपडपट्टी कायद्याखाली सरकारने तटाच्या आतला भाग मोडकळीची वस्ती म्हणून जाहीर केला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, तुर्कमान दरवाज्याजवळची घरे पाडायला सुरुवात झाली. लोकांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे दगावली. ज्यांची घरे गेली, त्यांना लांबच्या वस्त्यांत पाठवले. शहर सुधारायचे ते आत राहणाऱ्यांना विचारून, नाही तर सुधारणेचाही घाव बसतो, हा धडा तिथे मिळाला.

२००५ मध्ये जमिनीखालून मेट्रो रेल्वे चावडी बाजारापर्यंत आली. २००७ मध्ये लाल किल्ल्याला जागतिक वारसा हा मान मिळाला. २०२१ मध्ये चांदणी चौकाचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधला. शाहजहानाच्या पाटाचे पाणी मात्र तिथे आता वाहत नाही. यमुनाही किल्ल्यापासून दूर सरकली आहे.

तुम्ही कधी दिल्लीला गेलात, तर चांदणी चौकातून एकदा पायी जा. किल्ल्यासमोर जैनांचे लाल मंदिर आहे. त्याच्या शेजारी गौरीशंकराचे देऊळ आहे. ते अप्पा गंगाधर या मराठी माणसाने १७६१ मध्ये बांधले, असे सांगतात. थोडे पुढे इंग्रजी अमदानीत बांधलेले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. मग शीशगंज गुरुद्वारा. गुरू तेगबहादुरांना औरंगजेबाच्या हुकमाने १६७५ मध्ये इथे ठार मारले. त्याला लागून ती सोनेरी मशीद, आणि रस्त्याच्या शेवटी फतेहपुरी मशीद. सगळे एका रस्त्यावर. फतेहपुरीला पोचलात की पलीकडे खारी बावलीचा मसाल्याचा बाजार आहे. हमाल पाठीवर पोती घेऊन चाललेले असतात. मिरचीच्या खकाण्याने आपल्याला ठसका लागतो आणि दुकानदार हसतो.

आता तट शोधू म्हटले, तर काश्मिरी, अजमेरी, तुर्कमान आणि दिल्ली दरवाजा असे थोडे दरवाजे आणि भिंतीचे काही तुकडे उरले आहेत. त्यांच्याभोवती गाड्या फिरतात. दार आहे, पण लावायला भिंत नाही.

आणि तरी शहर आहे. तट गेला म्हणून ते मोडले नाही. तट होता तेव्हा ते मोडले, कारण आत भूक होती, फूट होती, अफवा होती. आमच्या शिकणाऱ्या मंडळींना आम्ही हेच उत्तर देतो. गावाची वेस दगडांनी बांधता येते. पण गाव राखायचे तर आतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर धड छप्पर हवे, प्यायला पाणी हवे, आणि शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर भरवसा हवा.

वाचून झाल्यावर बोला

१. यमुना जवळ असून शहरासाठी पाट लांबून का आणला?
२. तुमच्या गावातल्या आळ्यांची नावे कशावरून पडली? घरातल्या जाणत्यांना विचारा आणि लिहून काढा.
३. नादिरशहाच्या वेळी एका अफवेने काय झाले? आपल्या गावात अफवा उठली, तर आपण काय करावे?
४. तुमच्या गावात झालेला एखादा मोठा बदल, पूर, दुष्काळ किंवा नवा रस्ता, याबद्दल पाच ओळींचे पत्र लिहा.